अकराच्या बातम्यांतला चेहरा

“गुरवसाहेब उठले का? मी कवठ्याहून पुजारी बोलतोय.”

मी रिसीव्हर आईच्या हातात दिला. आईनं आधी डोक्यावर पदर घेतला आणि मगच तो कानाला लावला, जसं काही होणारे व्याही फोनच्या तारेतून तिला बघतच होते. पुजाऱ्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय. कवठ्यापासून सांगलीपर्यंतचं अंतर ते घशानंच कापायचे. त्यामुळं ओट्यापाशी उभं राहूनही मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“वहिनी, काल रात्री मोटर चालू करायला उठलो होतो. आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीचीच. सहज टीव्ही लावला, तर आमचे व्याही बातम्या सांगतायत! घरातल्या सगळ्यांना उठवलं बघा. जन्मभर ह्या माणसाच्या आवाजावर हळद विकली, पण माणूस दिसायला इतका रुबाबदार असेल असं वाटलं नव्हतं.”

“तुमचं आपलं काहीतरीच,” आई म्हणाली.

“काहीतरीच कसं? आमची मंडळी कुरकुरत होती, मुलीच्या वडलांना अजून बघितलंच नाही म्हणून. म्हटलं, घ्या! आता अख्ख्या जिल्ह्यानं बघितलं.”

आईनं फोन ठेवला आणि देवापुढं चिमूटभर साखर ठेवली. तेवढ्यात बाबा मोरीतून तोंड पुसत बाहेर आले. आदल्या रात्रीचा मेकअप मानेवर, कानामागं राहून गेला होता, तो ते साबणानं घासून काढत होते. टॉवेल बाजूला झाला आणि त्यांचा रोजचा चेहरा दिसला. ओठांच्या दोन्ही कडांना आणि डाव्या डोळ्याभोवती पांढरं. दूध पिताना सांडावं आणि पुसायचं राहून जावं तसं.

“कुणाचा फोन?”

“पुजाऱ्यांचा. तुम्ही त्यांना फार आवडलात.”

“मी?” बाबांनी आरशाकडं न बघताच विचारलं, आणि चहाला बसले.

बाबांच्या अंगावर कोड उठलं ते माझ्या जन्माच्याही आधी. पण ते रेडिओवर निवेदक होते, आणि रेडिओला तोंड नसतं. संध्याकाळी ते हळदीचे, गुळाचे, बेदाण्याचे भाव सांगायचे तेव्हा गावोगावची माणसं वैरण टाकता टाकता थांबायची. माझ्या आजीनं त्यांच्यावर एक ओवी रचली होती:

*माझ्या सदाचा गं बोल, वाऱ्यावरी चाले*
*बांधाच्या पल्याड, उभं पीक डोले*

पीक डोलत होतं, पण सोयरीक जमत नव्हती. मला बघायला आलेली दोन स्थळं बाबांनी दार उघडल्यावर चहाचा कप अर्धा ठेवून उठली होती. म्हणून पुजाऱ्यांच्या वेळी आईनं युक्ती केली. बघण्याचा कार्यक्रम मिरजेला आबामामाकडं ठेवला आणि सांगितलं, हे कामानिमित्त पुण्याला गेलेत. बाबा त्या दिवशी पुण्याला गेले नव्हते. घरातच खिडकी लावून बसले होते. आम्ही परतलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “मुलगा कसा आहे?”

मुलगा चांगला होता. मोहन. शेतीऔषधांचं दुकान होतं त्याचं. पोहे देताना माझ्या हातून चमचा पडला, तर तो खाली वाकून उचलताना हळूच म्हणाला, “तुमच्यापेक्षा मी जास्त घाबरलोय.” एवढ्या एका वाक्यावर मी किती रात्री काढल्या, ते कुणाला सांगून पटायचं नाही.

आणि मग ह्या अकराच्या बातम्या आल्या. ‘वार्तादीप’ नावाची केबलवरची वाहिनी जिल्ह्यात नवीनच सुरू झाली होती. तिचा मालक सावर्डेकर, पोरगेलासा, हुशार. दिवसभर भारनियमन, कुणाच्या घरी टीव्ही चालत नाही. लाईट येते रात्री, शेतकरी जागा असतो रात्री, मग बातम्याही रात्रीच द्याव्यात, हे डोकं त्याचं. बाबा तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते. तो आला, पाया पडला आणि म्हणाला, “काका, आवाज तुमचाच पाहिजे.”

“आवाज घे. तोंडाचं काय करणार?”

“तोंडाचं मंगलताई बघतील.”

मंगलताई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला पार्लर चालवणारी बाई. नवऱ्या मुली सजवायच्या आणि संध्याकाळी वाहिनीवर जाऊन निवेदकांना रंग लावायचा. तिनं पहिल्याच दिवशी बाबांचा चेहरा असा लिंपून काढला की आम्ही दोघी टीव्हीकडं बघतच राहिलो. रात्री बाबा घरी आले तर आई म्हणाली, “लग्नात असे दिसत होतात.”

“लग्नात तू मान वर करून बघितलंस कुठं?” बाबा म्हणाले. त्या दिवसांत ते हसले असतील तर एवढंच.

लोकांना बातम्या आवडल्या. सावर्डेकर रोज सकाळी फोन करून प्रेक्षकांनी काय काय कळवलं ते वाचून दाखवायचा. भिलवडीच्या एका म्हाताऱ्यानं कळवलं होतं, हा आवाज मेला असं समजून आम्ही बसलो होतो, जिवंत आहे कळल्यावर बरं वाटलं. विश्रामबागेतल्या कुणी बाईनं विचारलं होतं, काका कोणता साबण वापरतात? एकानं तक्रार केली होती की बातम्यांमागची प्लास्टिकची फुलं आधी काढा. आई प्रत्येक निरोप दोनदा ऐकायची. साबणाच्या निरोपाला तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

एका दुपारी फोन मी उचलला तर पलीकडं मोहन.

“बातम्या बघता का रोज?” त्यानं विचारलं.

“बघते.”

“मीही बघतो. अकरा वाजले की म्हणतो, आता तिकडं पण हेच चाललं असेल.”

मी रिसीव्हर इतका घट्ट धरला होता की कान दुखत होता. त्या दिवसापासून अकराच्या बातम्या माझ्या वेगळ्या झाल्या. म्हैसाळच्या कालव्याला पाणी सुटलं, द्राक्षावर करपा पडला, कुठं एसटी उलटली. बाबा सांगत जायचे, आणि मला वाटायचं, त्याच्या घरातल्या भिंतीवर आत्ता हाच निळा उजेड पडला असेल. आमच्या दोघांमधे बाबांचा आवाज होता, नदीवरच्या दोरासारखा. त्याला धरून मी रोज पलीकडं जाऊन यायची.

साखरपुड्याची तयारी सुरू झाली. बाबांचा चेहरा साखरपुड्याला मंगलताईच करणार, आणि लग्नालाही, हे आईनं ठरवून टाकलं होतं.

“चार तासांचा तर प्रश्न आहे,” ती म्हणाली.

“आणि पहिल्या सणाला? बाळंतपणाला?” बाबांनी विचारलं. “दर खेपेला मंगलला पिशवीत घालून न्यायचं का मी?”

“तोवर पोरगी त्यांची झालेली असते. मग कुणी परत पाठवत नाही.”

“असं कोण म्हणालं तुला?”

आई तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली.

साखरपुड्याला तीन-चार दिवस राहिले असताना मंगलताई दुपारी घरी आली. माझ्या चेहऱ्याला कोणता रंग चालेल ते बघायचं होतं. आतल्या खोलीत आईनं मला पाटावर बसवलं, दार लोटलं. मंगलताईनं डबी उघडली, माझ्या गालावर बोट फिरवलं, म्हणाली, “हिला काय करायचंय? हिचं कातडं लोण्यासारखं आहे.”

“चेहऱ्याचं नाही,” आई हळू आवाजात म्हणाली. “नले, पाठ दाखव.”

मी ब्लाउजची वरची हुकं काढली. खांद्याच्या मागं, साडीच्या काठाला लागून, दिवाळीपासून एक पांढरा ठिपका उठला होता. आधी तांदळाएवढा होता, आता चिंचोक्याएवढा. आई रोज रात्री दिवा मालवल्यावर त्यावर बावचीचं तेल चोळायची, आणि चोळताना एक शब्द बोलायची नाही. मीही नाही. आम्ही दोघींनी ती गोष्ट आमच्या आमच्यातसुद्धा कधी तोंडानं उच्चारली नव्हती.

मंगलताई थोडा वेळ बघत राहिली. मग सराईत कारागिरासारखी म्हणाली, “होईल. असले किती झाकलेत मी. एकीला तर गुडघ्यापर्यंत होतं, तिला आता दोन मुलं आहेत. फक्त घाम आला की पुसायचं नाही, टिपायचं. आणि नवऱ्याला सुरुवातीला सांगायचं, मला उजेडात लाज वाटते.”

“ऐकलंस ना?” आई मला म्हणाली.

मी मान हलवली. तेव्हा मला दाराच्या फटीत बाबांचं धोतर दिसलं. ते पाणी प्यायला आत आले होते. हातात तांब्या होता. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. मी त्यांच्याकडं बघितलं, तसे ते तांब्या तिथंच जमिनीवर ठेवून माघारी गेले. त्यांना माहीत नव्हतं. घरात एकट्या त्यांनाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी ते नेहमीपेक्षा लवकर निघाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे, त्यानंतर कधी ठेवला नव्हता. काहीतरी बोलतील असं वाटलं, पण चपला घालून गेले.

रात्री अकराला आई आणि मी टीव्हीपुढं बसलो. प्लास्टिकची फुलं आली, संगीत वाजलं, आणि बाबा दिसले. मला आधी काही कळेचना. वाटलं टीव्हीचा रंग बिघडलाय. आई उठली, बटणं फिरवायला लागली. मग तिचा हात थांबला.

बाबांनी चेहऱ्याला काहीच लावलं नव्हतं. ओठांच्या कडा, डोळा, कान, मान, सगळं त्या झगझगीत दिव्याखाली जसंच्या तसं. आम्ही रोज ज्याच्यासमोर जेवत होतो तो चेहरा, पण त्या काचेत तो फार मोठा आणि फार एकटा दिसत होता. ते नेहमीसारखंच म्हणाले, “नमस्कार. वार्तादीपच्या बातम्या, सदाशिव गुरव आपल्याला देत आहे.” आणि पहिली बातमी वाचू लागले.

“काय केलं ह्यांनी,” आई म्हणाली. “अगं, काय केलं हे.”

टीव्हीवर क्रोशाचं झाकण असायचं, ते बघताना वर दुमडून ठेवायचो. आईनं ते ओढून खाली सोडलं. चेहरा गेला. पण आवाज झाकणाखालून येत राहिला, तसाच, न अडखळता. डाळिंबावर तेल्या रोग पडल्याचं सांगत होता, जतकडं टँकर वाढवल्याचं सांगत होता. डोळे मिटले तर तो रेडिओच होता, आणि मी सहा वर्षांची होते. पण मला डोळे मिटता आले नाहीत. मला माहीत होतं, कवठ्याला ह्याच वेळी कुणीतरी बघतंय, आणि त्याच्या टीव्हीवर झाकण नाही.

सकाळ झाली ती फोनच्या आवाजानंच. पहिला सावर्डेकर. तो फोनवर थांबला नाही, घरीच आला.

“काका, मंगलताई आल्या नव्हत्या का काल?”

“आली होती. मीच परत पाठवली.”

“लोक काय काय बोलतायत, तुम्हाला सांगवत नाही.”

“सांग की. रोज सांगतोस. आज काय झालं?”

सावर्डेकरनं खिडकीबाहेर बघत सांगितलं. पोरं भ्यायली. एकीनं म्हटलं, माझी सून पोटुशी आहे, तिला असलं दाखवू नका. कुणी विचारलं, हे पसरतं का? कुणी म्हणालं, आवाज इतका चांगला आणि देवानं हे काय केलं. जाहिरात देणाऱ्या साडीवाल्यानंही फोन केला होता.

“एक मार्ग आहे,” तो म्हणाला. “आवाज तुमचा ठेवू. पडद्यावर नुसती चित्रं दाखवू. नाहीतर मेकअप करून या, कालचं लोक विसरून जातील.”

“तू चांगला मुलगा आहेस,” बाबा म्हणाले. “दुसरा माणूस बघ.”

तो पाया पडून गेला. जाताना उंबऱ्यात क्षणभर थांबला, पण त्यालाही घर चालवायचं होतं.

पुजाऱ्यांचा फोन दहाच्या सुमाराला आला. ह्या वेळी ते ओरडत नव्हते. बाबांनीच उचलला. मी इतकी जवळ उभी होते की पलीकडचं पुटपुटणंही ऐकू येत होतं.

“सदाशिवराव, हे आधी सांगायचं होतं.”

“काल सांगितलं.”

“काल तुम्ही सगळ्या जिल्ह्याला सांगितलंत. आम्हाला एकट्याला सांगितलं असतं तर…”

“तर काय, पुजारी?”

पुजारी खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते.

“तर घरातल्या घरात नाही म्हटलं असतं,” ते म्हणाले. “आता चार लोकांत म्हणावं लागतंय. मोहन ऐकत नव्हता. त्याची आई रात्रभर रडली, तेव्हा गप्प बसला. मुलीला आमचा आशीर्वाद सांगा.”

बाबांनी फोन ठेवला. मी तिथंच खाली बसले. आई आतून आली, तिनं आमच्या दोघांची तोंडं बघितली आणि तिला सगळं कळलं.

“झालं समाधान?” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच भयंकर होतं. “सगळं जुळून आलं होतं. फक्त तोंड झाकायचं होतं. एवढं एक तोंड. पोरीसाठी झाकवलं नाही तुम्हाला?”

“पोरीसाठीच उघडलं.”

“वाटोळं केलंत तिचं.”

बाबा तिच्याकडं वळले. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहून दिलेलं वाचणारा माणूस. स्वतःचं बोलताना त्यांना शब्द शोधावे लागायचे.

“इंदू, आज ना उद्या तिचं पुसलं जाणारच होतं. घामानं म्हण, पाण्यानं म्हण. तेव्हा ती त्या घरात एकटी असती. उजेडाला भिऊन कोपऱ्यात उभी. तिथं मी नसतो गं. इथं आहे. म्हटलं, काय बघायचं ते लोकांनी आधी माझ्या तोंडाकडं बघावं. मग जो येईल तो बघून येईल.”

“आणि नाही आलं कुणी तर?”

ह्याचं उत्तर बाबांनी शोधलंच नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आईलाही दिसलं असावं. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि माझा खांदा, तोच खांदा, पदरानं झाकून घेतला.

कुणी आलं नाही. पुढं वर्षं गेली, बाबा गेले, आई गेली. खांद्यावरचं माझ्या गळ्यापर्यंत आलं, तिथून ओठांवर आलं. शाळेत शिकवते. पोरं पहिल्या दिवशी बघत राहतात, दुसऱ्या दिवशी फळ्याकडं बघतात. पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीच्या दुपारचं.

डिरेक्टरीत आमचा नंबर होता. दुपारनंतर अनोळखी फोन यायला लागले. पहिला घेताना बाबांच्या चेहऱ्यावर थोडी आशा होती, मी बघितली. एक बाई होती. तिच्या मुलीला कोड होतं. बाबा म्हणाले, “बोला ताई, बोला.” तिनं विचारलं, “परवापर्यंत तुमचं काहीच दिसत नव्हतं. ते कशानं झाकत होता?”

दुसरा फोन एका माणसाचा. बँकेत होता. त्यानंही तेच विचारलं. तिसरा इस्लामपूरहून, चौथा कुठून कुणास ठाऊक. प्रत्येकजण आधी आवाजाचं कौतुक करायचा, मग इकडंतिकडंचं बोलायचा, आणि मग आवाज खाली आणून विचारायचा. एवढी माणसं होती जिल्ह्यात, बंद दारांमागं, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत. बाबांनी त्यांच्यासाठी दार उघडलं होतं, आणि ती बाहेरून विचारत होती, तुमची कडी कुठल्या दुकानात मिळते?

बाबा प्रत्येकाला सांगत होते, “मला माहीत नाही. झाकू नका. कशाला झाकायचं?” पलीकडून फोन ठेवला जायचा.

ऊन कललं तेव्हा शेवटचा फोन आला. रिसीव्हर मीच उचलून त्यांना दिला. एका मुलीचा आवाज, माझ्याच वयाची असेल. ती कुजबुजत बोलत होती, घरात कुणाला कळू नये तशी.

“काका, माझं लग्न आहे. पुढच्या आठवड्यात. हातावर आहे माझ्या. अजून कुणाला माहीत नाही.”

“सांग त्यांना,” बाबा म्हणाले.

“काका…”

“सांगून टाक, बाळ.”

“सांगितलं तर तुमच्या मुलीसारखं होईल ना माझं?”

बातमी कवठ्याहून कुठवर पोचली होती ते तेव्हा आम्हाला कळलं. ती मुलगी टोचायला बोलली नव्हती. खरंच विचारत होती, आणि रडत होती. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला टेकून बसले होते, सकाळपासून केसही विंचरले नव्हते. आई तशीच माझा खांदा धरून होती.

मग त्यांनी घसा साफ केला.

“कागद-पेन्सिल आहे का जवळ?” त्यांनी विचारलं.

आणि हळदीचा भाव सांगावा तसं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, त्यांनी तिला मंगलताईच्या त्या डबीचं नाव सांगितलं. रंगाचा नंबर सांगितला. मारुती चौकातलं दुकान सांगितलं. “घाम आला तर पुसायचं नाही,” ते म्हणाले. “टिपायचं.” तिनं लिहून घेतलं की नाही ते विचारलं, आणि पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून सांगितलं.